जपानी पेटीचा भाता

गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून एक गृहस्थ माझ्याकडे साकोलीला आले. जुनी इलेक्ट्रॉनिक वाद्यं गोळा करायचा त्यांना नाद आहे. माझ्या सिंथेसायझरभोवती त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, एकेक पट्टी दाबून पाहिली, आणि डाव्या अंगाला बोट फिरवताना त्यांचा चेहरा पडला. तिथे दोन भोकं आहेत. "अरेरे, ही कोणी पाडली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी." गाभण गाईला काठी मारणाऱ्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

भोकांमुळे वस्तूचं मोल गेलं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की त्या दोन भोकांइतकं चांगलं काम मी उभ्या जन्मात दुसरं केलं नाही. ते चहा पिऊन गेले. घाईत होते, म्हणून सांगायचं राहिलं. ते इथे सांगतो.

मी पेटीमास्तर. आमच्या झाडीपट्टीत गावचं मंडळ स्वतःच नाटक किंवा दंडार, म्हणजे नाच-गाण्यांचा खेळ, उभी करतं. राजा गावचा, प्रधान गावचा, भाला धरून उभा राहणारा शिपाईही गावचाच. दिवसभर बांधीत धान कापायचं आणि दिवे लागले की तालमीला यायचं. बाहेरून आणतात ते पेटीमास्तर आणि तबलजी. मास्तरने पंधरा दिवस आधी जाऊन गावात मुक्काम टाकायचा, एकेकाचा गळा पाहून पट्टी ठरवायची, आणि ज्याला सात जन्मांत सूर सापडणार नाही त्याचं गाणं गोड बोलून छोटं करायचं. हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड. एकदा एका प्रधानाचं सबंध पद मी कापलं, तर त्याच्या बायकोने मला दोन दिवस बिनमिठाची भाजी वाढली.

पेटी म्हणजे हार्मोनियम, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात मागच्या भात्याच्या फळीवर. फळी पुढे-मागे करायची, हवा भरायची, सूर वाजतो. सत्तरच्या दशकात मी सुरुवात केली तेव्हापासून पंधरा वर्षं माझा डावा हात हेच करत होता. त्या हाताकडे कोणी पाहत असेल असं मला कधी वाटलं नाही.

शहाऐंशीच्या सुमारास नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने त्याचा जपानी सिंथेसायझर विकायला काढला. मी तो वाजवून पाहिला आणि परत येताना बसमध्ये मला बाहेरचं काही दिसलं नाही. आठ दिवसांत मी माझी पेटी विकली आणि ते यंत्र घरी आणलं. बायको म्हणाली, "घरात खाणारी तोंडं कमी होती का?" मी वाजवत बसलो.

या जातीच्या यंत्राला हायब्रिड म्हणतात, हे मला त्या नागपूरच्या गृहस्थांकडून आता कळलं. आमच्याकडे हायब्रिड म्हणजे बियाणं. पण गोष्ट खरी आहे. यात दोन पिढ्यांचं काम एका डब्यात आहे. आवाजाचं मूळ आकड्यांतून निघतं. ते ऊन असो, थंडी असो, लाईट मंद होवो, सूर सोडत नाही. त्यापुढचा भाग मात्र जुन्या रेडिओसारखा, तारांचा आणि कंडेन्सरचा. मी त्याला गाळणी म्हणतो. गाळणी बंद केली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबतो, उघडली की लख्ख होतो. आणि ही गाळणी माणसासारखी लहरी आहे. सकाळी एक बोलते, दुपारी तापली की दुसरंच. मला तिचा हाच गुण आवडला. नुसता आकड्यांचा आवाज मला फार वेळ ऐकवत नाही.

त्याची मजा मी किती लुटली ते सांगून पटणार नाही. एक आकडा दाबायचा, एक सरकपट्टी बोटभर वर न्यायची, की सनईची घंटा व्हायची. घंटेत थोडा वारा मिसळला की तलावावर सकाळी बदकं उठतात तसला काहीतरी आवाज निघायचा. राक्षसाच्या प्रवेशाला मी एक घुमारा केला होता. लोक राक्षस मेल्यावरसुद्धा ओरडायचे, "मास्तर, राक्षस एकडाव अजून येऊ द्या." एक शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, शौकीन आले. त्यांचा इनामी बैल वारला होता. पोराच्या वरातीत त्या बैलाच्या गळ्यातल्या घाट्या वाजाव्यात अशी त्यांची इच्छा. मी दोन तास खपून आवाज बसवला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "सब बराबर आहे, मास्तर. पण डाव्या अंगाची घाटी फुटकी होती." मग मी एक सूर किंचित बेसूर केला. बाप्याचे डोळे भरले. त्या दिवशी मला वाटलं, आपण पेटी विकली ते योग्य केलं.

फक्त एक कटकट होती. जिथे जाईन तिथे एकच प्रश्न. लाखनीच्या बसमध्ये कंडक्टरने मला अडवलं.

"हे काय होय?"

"पेटी होय."

"भाता कोठी आहे?"

"याले भाता नसते."

"बिनभात्याची पेटी? मंग श्वास कोठून घेते?" असं म्हणून त्याने तिचं सामानाचं तिकीट फाडलं आणि वर ती सबंध प्रवास माझ्याच मांडीवर ठेवायला लावली. सगळी बस हसली, मीही हसलो. कंडक्टरचा प्रश्न बरोबर होता, हे कळायला मला महिना लागला.

लाखनीपासून आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून एक गाव आहे. तिथल्या मंडळाकडे मी बारा वर्षं जात होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. माहेरवाशिणी येतात, सोयरे येतात, दुकानं लागतात, आणि भर दिवसा दंडार होते. मंडळाचे अध्यक्ष गोमाजी. त्यांनी जीपवर भोंगा बांधून दहा गावांत पुकारा केला होता की यंदा आमच्या मंडईत जपानी ऑर्गन. शेजारच्या गावाने त्याच दिवशी नाचाची पार्टी ठरवली होती, त्यामुळे गोमाजींची इज्जत त्या ऑर्गनवर टांगलेली.

आणि त्या गावचा राजा होता दयारामभाऊ. तलावाखाली त्याची चार बांध्यांची धानाची शेती. वय अठ्ठावन्न. मी पहिल्यांदा गेलो तेव्हाही राजा तोच होता. राज्य गमावून निघालेला राजा नदीकाठी उभा राहून पद म्हणतो, "वैनगंगे, माझी वाट विसरू नको." ते पद मीच बसवलं होतं. त्यात शेवटी हीच ओळ लांबच लांब ओढून येते. दयारामभाऊ ती ओळ एका दमात घ्यायचा, शेवटच्या अक्षरावर सूर ठेवायचा आणि मग बाया पदराने डोळे पुसायच्या. दंडारीतलं बाकी सगळं लोक विसरत. त्या ओळीसाठी येत.

पहिल्या तालमीला मी यंत्र मांडलं. सगळं गाव जमलं. दयारामभाऊने पद उचललं आणि लांब ओळीच्या मध्यात त्याचा आवाज तुटला. त्याने खाकरून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. दुसऱ्या दिवशी त्याच्याही आधी. तिसऱ्या दिवशी पहिल्याच ओळीला त्याला दम लागला.

लोक काय बोलणार ते ठरलेलं. "बुढा झाला." "बीडी भोवली." गोमाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, भजनवाल्यायची पेटी आणू का? जपानी राक्षसापुरती ठेवा." मला तो मार्ग बरा वाटला. पण दयारामभाऊने ते ऐकलं होतं.

"पेटी आणू नका," तो म्हणाला. "पेटी आणली का लोक म्हणतीन, मशीनसंगं बुढ्याचा निभाव नाई लागला. त्यापेक्षा माह्या भाच्याले राजा करा. मी पडदा ओढतो."

तो रागावून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो सरळ बोलला आणि घरी गेला. मी तालमीच्या घोंगडीवर बसून राहिलो. बारा वर्षं या माणसाचा दम मी पाहिला होता. धानाची बोरी डोक्यावर घेऊन पाळ चढणारा माणूस एका वर्षात असा संपत नाही. मागच्या साली गात होता, यंदा गात नाही, आणि मधल्या काळात बदललं ते एकच होतं, ते मी मांडीवर घालून आणलं होतं. मंडईला नऊ दिवस होते. मी ठरवलं की भाच्याला एक ओळही शिकवायची नाही. राजा दयारामभाऊच होणार, आणि याच यंत्रावर गाणार. मी स्वभावाने तसा मऊ आहे, पण एकदा अडलो की पोळ्यातला बैल बरा.

सकाळी मी त्याच्या बांधीवर गेलो. हलका, लवकर पिकणारा धान कापून झाला होता, भारी उभा होता. "एकडाव चाला, फक्त माह्यासाठी गा," म्हणून त्याला तालमीच्या खोलीत आणलं. या वेळी मी वाजवताना पट्ट्यांकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहिलं. तो गाऊ लागला आणि त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, उजव्या हातावरही नव्हती. यंत्राच्या डाव्या अंगाला, जिथे काहीच नाही, तिथे तो शोधत होता.

मी थांबलो. "दयारामभाऊ, तू कोठी पाहून राहिला?"

"कोठी? कोठीच नाई."

"इकडं पाहून राहिला. डावीकडं."

त्याने पुन्हा त्याच रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "भाता पाहातो मी. तू भाता मागं घेतला का मी श्वास घेतो. मले वाटे सारेच असंच गातेत."

बारा वर्षं त्याचा श्वास माझ्या डाव्या हातात होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता. आणि मी तो हात रिकामा करून मिरवत होतो.

रोग कळला, आता औषध सोपं, असं मला वाटलं. मी डावा हात हवेत हलवायला लागलो. तबलजी फिसकन हसला. दयारामभाऊने प्रयत्न केला आणि मान हलवली. "खोटा हात नको हालवू, मास्तर. सूर फुगून नाई राहिला, मंग श्वास कसा घेऊ?"

त्याचं म्हणणं मी मनाशी घोळवत राहिलो. पेटीत फळी दाबली की सूर भरतो, सोडली की उतरतो. तो हात आणि सूर दोन्ही एकदम पाहत-ऐकत होता. माझ्या यंत्राचा सूर एकदा लावला की सरळ रेघ. हवा कमी नाही, जास्त नाही. मग मला गाळणी आठवली. उघडली की आवाज भरतो, मिटली की दबतो. म्हणजे या जपानी पेटीला भाता होता. तो कोणाला दिसत नव्हता एवढंच.

गाळणी जिने चालते ती सरकपट्टी पट्ट्यांच्या डावीकडेच होती. पण तिची चाल दीड इंचाची. बोटाने हलवली तर शेजारच्याला दिसत नाही, दहा पावलांवरच्या राजाला काय दिसणार? मी चिंधूजी सुताराकडे गेलो. चिंधूजी बैलगाड्यांची चाकं करायचे. त्यांना मी सांगितलं, पेटीच्या भात्यासारखी एक फळी पाहिजे, बिजागरीवर हलणारी, आणि तिच्या हलण्याने ही एवढीशी पट्टी वर-खाली झाली पाहिजे.

चिंधूजींनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हवा निंगते का हिच्यातून?"

"नाई."

"मंग फळी कायले?"

"दयारामभाऊले श्वास घ्याले."

त्यांनी करवत उचलली. सागाची फळी तासली, सायकलच्या चाकाची तार वाकवून फळीपासून सरकपट्टीपर्यंत नेली, आणि टॉर्चमधली स्प्रिंग बसवली म्हणजे हात सोडला की फळी आपोआप मागे येईल. तीन दिवस गेले. तार लांब झाली, मग आखूड झाली, मग सूर पायरी-पायरीने चढायला लागला, म्हणून स्प्रिंग बदलली. शेवटी बिजागरी यंत्राला ठोकायची वेळ आली तेव्हा चिंधूजींनी सामता माझ्या हातात दिला. सामता म्हणजे भोक पाडायचं हत्यार. "नव्या वस्तूले मी भोक पाडत नाई. तुमची तुम्ही पाडा."

ज्याच्यासाठी मी पेटी विकली, ज्याला बायकोच्या हातचा ओला फडका लागू दिला नाही, त्याच्या अंगात मी सामता घातला. पहिल्या भोकाला मी डोळे मिटले. दुसऱ्याला नाही.

फळी लागलेलं यंत्र पाहून गाव पोट धरून हसलं. गोमाजींनी कपाळाला हात लावला. "मी दहा गावांत जपानी म्हणून पुकारलो, तुम्ही तर त्याले गावठी करून ठेवलं." मी म्हटलं, "ऐका आधी." दयारामभाऊ समोर उभा राहिला. मी फळी पुढे दाबली, सूर भरला. सोडली, सूर उतरला. त्याचे खांदे खाली आले. पहिल्या दिवशी लांब ओळ गेली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी गेली. मंडईच्या आदल्या दिवशी सगळी गेली, आणि चिंधूजी, जे तालमीला कधी येत नसत, ते दारात उभे राहून म्हणाले, "आता तेल लावा थोडं. कुरकुरून राहिली."

तेल लावायचं मी विसरलो. ते बरंच झालं.

मंडईला गर्दी म्हणजे मुंगीला वाट नाही. शेजारच्या गावची नाचाची पार्टी सोडून लोक आमच्याकडे आले होते. डोक्यावर ऊन, यंत्र चुलीसारखं तापलेलं. राक्षस झाला, त्याला दोनदा परत बोलावलं. मग राजा आला. भोंगा गाडीच्या बॅटरीवर चालत होता, माझं यंत्र शाळेतून ओढलेल्या तारेवर. दयारामभाऊने पद उचललं, लांब ओळ घ्यायला छाती भरली, आणि नेमकी लाईट गेली.

माझ्या बोटांखालचा सूर नाहीसा झाला. यंत्राचे लाल आकडे विझले. दयारामभाऊने वळून पाहिलं. माझ्याकडे नव्हे, फळीकडे. माझा उजवा हात मेल्यासारखा पडला होता, पण डावा, पंधरा वर्षांच्या सवयीने असेल किंवा भीतीने, चालतच होता. पुढे, मागे. पुढे, मागे. फळी कुरकुरत होती. त्याने श्वास घेतला आणि ओळ उचलली. खाली फक्त तबला आणि ती कुरकुर. "वैनगंगे, माझी वाट विसरू नको." कुठेही न तुटता ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत गेली, आणि तिथे त्याने सूर ठेवला. हवा नसलेला भाता मी दाबत राहिलो आणि तो गात राहिला. मी रडत होतो हे मला नंतर तबलजीने सांगितलं.

मागे बसलेल्यांना लाईट गेल्याचा पत्ताच नव्हता. त्यांना वाटलं, मशीननेच मुद्दाम आवाज बारीक केला. गोमाजी चार दिवस सांगत फिरले, "जपानी वस्तू. कोठी चूप बसाचं तेही तिले समजते."

त्यानंतर दयारामभाऊ तीन वर्षं राजा झाला. चौथ्या वर्षी मला वडशाकडच्या एका मोठ्या नाटक कंपनीने अख्ख्या हंगामासाठी बांधून घेतलं आणि मी गेलो. नवा मास्तर नवं यंत्र घेऊन त्या गावात आला. त्याला भाता नव्हता. मी चिंधूजींकडून दुसरी फळी करून त्याला देऊ शकलो असतो, निदान दोन शब्द सांगू शकलो असतो. माझ्या मनातही आलं नाही. दयारामभाऊने तालमीला एक दिवस जाऊन पाहिलं आणि पडदा ओढायला लागला. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. माझ्या धंद्यात मी पुष्कळांची पदं कापली, पण याचं पद मी न कापता कापलं, आणि त्याची टोचणी अजून आहे.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, "मशीन ठेव तू. भाता मले दे." मी घरून फळी उचकटून आणून दिली. त्याने ती भिंतीला, देवाच्या फोटोशेजारी टांगली.

पुढे तो आजारी पडला. निरोप आला तेव्हा मी पहिल्या बसने गेलो. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. श्वास वेडावाकडा, दोन पटकन, मग कितीतरी वेळ नाही. सून उशाशी बसली होती. त्याने डोळे माझ्याकडून भिंतीकडे नेले, पुन्हा माझ्याकडे. मी फळी काढली, त्याला दिसेल अशी मांडीवर धरली आणि ते पद मनात धरून डावा हात हलवायला लागलो. पुढे, मागे. ओठ हलत नव्हते. पण थोड्या वेळाने त्याचा श्वास फळीबरोबर यायला लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. लांब ओळीच्या आधी मी फळी पूर्ण मागे घेतली. त्याने छातीभर श्वास घेतला आणि धरून ठेवला. सुनेने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी हात थांबवला नाही. ओळ जेवढी लांब आहे तेवढी लांब मी फळी दाबत नेली, आणि शेवटच्या अक्षरावर त्याने श्वास सोडला, जिथे सोडायचा तिथेच.

सून म्हणाली, "काय केलं जी तुम्ही? दोन दिवसांत असा श्वास नाई घेतला त्यायनं."

"गायला तो," मी म्हटलं. "पुरं पद गायला."